‘जागा नाही’ म्हणजे नेमकं काय? प्राण्यांच्या निवाऱ्याचं काम आतून

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला फोन लावा, बऱ्याचदा पहिलं उत्तर हेच मिळतं : जागा नाही. तुमच्यासमोर एक पिल्लू कण्हत पडलेलं असतं, मागचा पाय लोंबत असतो, आणि पलीकडून कुणीतरी थकलेल्या आवाजात नाही म्हणतं. संताप होतो. माझाही झाला होता. ‘मग संस्था काढलीत कशाला?’ असं मी त्या माणसाला तोंडावर विचारलं आणि फोन ठेवला. पुढे काही महिन्यांनी अशाच एका निवाऱ्यात आठवड्यातल्या दोन सकाळी मी कामाला जायला लागले. तिथे हळूहळू उमगलं की ‘जागा नाही’ हे उत्तर पिंजऱ्यांवरून दिलं जात नाही, दिवसांवरून दिलं जातं. हा फरक लक्षात आला की अशा संस्थेचं काम समजतं, आणि तिला मदत कशी करायची तेही समजतं.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एका निवाऱ्यात ४० कुत्र्यांची सोय आहे आणि रोज सरासरी दोन नवी कुत्री येतात. प्रत्येकाचा मुक्काम सरासरी २० दिवसांचा. मुक्काम म्हणजे आल्या दिवसापासून बरं होऊन, लस घेऊन नव्या घरी जाईपर्यंत किंवा आपल्या मूळ जागी परत सुटेपर्यंतचा काळ. दोन गुणिले वीस, चाळीस. निवारा काठोकाठ भरलेला, पण चाललेला. आता काही कारणाने मुक्काम २० चा २५ दिवसांवर गेला. येणारी कुत्री रोज दोनच आहेत, एकही वाढलेलं नाही, तरी जागा लागणार ५०. दहा कुत्री कुठे ठेवायची? उलट मुक्काम १५ दिवसांवर आणला, तर ३० जागांत भागतं. दहा पिंजरे मोकळे होतात आणि त्यासाठी एकही वीट रचावी लागत नाही.

म्हणून जाणती संस्था ‘आणखी पिंजरे कधी बांधायचे’ याच्या आधी ‘हे कुत्रं इथे कशासाठी थांबलंय’ हे विचारते. उत्तरं फार साधी असतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, म्हणून मंगळवारी तयार झालेलं कुत्रं पुढच्या सोमवारपर्यंत थांबतं. मांजर दत्तक द्यायच्या यादीत आहे, पण त्याचा धड फोटो काढायला कुणाला वेळ झालेला नाही. एका कुटुंबाने ‘आम्ही नेतो’ म्हणून शब्द दिला आणि आठवडाभर फोन उचलला नाही. यातला एकेक उशीर क्षुल्लक वाटतो, पण त्या प्रत्येक दिवशी एक पिंजरा अडलेला असतो आणि बाहेर कुणाला तरी ‘जागा नाही’ ऐकावं लागत असतं.

मग चाळीसच्या जागी पन्नास कोंबले तर काय बिघडलं, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. बिघडतं ते असं. अमेरिकेतल्या निवाऱ्यांसाठी एक ठोकताळा बराच काळ वापरला जातो : एका प्राण्यामागे दिवसाला निदान १५ मिनिटं, त्यातली नऊ साफसफाईला आणि सहा खाण्यापिण्याला. चाळीस प्राण्यांचे झाले ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. यात औषधं नाहीत, फिरवणं नाही, खाजवणं-कुरवाळणं तर नाहीच. पन्नास प्राणी झाले की त्याच हातांना साडेबारा तास लागतात. हात तेवढेच, दिवस तेवढाच. मग कुठेतरी घाई होते. एक भांडं नीट धुतलं जात नाही. एका पिल्लाने सकाळपासून तोंड लावलेलं नाही हे संध्याकाळी कळतं. दाटीने प्राणी बिथरतात, ताणाने त्यांची रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, एक आजारी पडला की शेजारचा पडतो, आणि आजारी पडला की मुक्काम वाढतो. मुक्काम वाढला की दाटी आणखी वाढते. या फेऱ्यात सापडलेले निवारे जगभर आहेत, आणि त्यातले बरेच दुष्टाव्याने नाही, कुणालाच नाही म्हणता न आल्यामुळे तिथे पोचलेले आहेत.

सकाळचा क्रम

पहिल्या दिवशी मी हौसेने सगळ्यात आजारी कुत्र्याच्या पिंजऱ्याकडे निघाले होते. तिथल्या मावशींनी दंडाला धरून थांबवलं. “आधी पिल्लं, मग धडधाकट, मग जखमावाले, आणि तो कोपरा सगळ्यात शेवटी. एकदा त्या कोपऱ्यात गेलीस की परत इकडे यायचं नाही.” तो कोपरा म्हणजे विलगीकरणाची खोली. तिची बादली वेगळी, खराटा वेगळा, दाराशी ठेवलेले गमबूट वेगळे. बादलीवर लाल रंगाचा पट्टा मारलेला, म्हणजे चुकूनही ती दुसरीकडे जाऊ नये. मला तेव्हा ही शिस्त जरा अतीच वाटली होती.

पारव्हो हा रोग पाहिल्यावर तसं वाटायचं थांबलं. या विषाणूने कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि सतत उलट्या होतात. सलाइन आणि चोवीस तासांची शुश्रूषा मिळाली तर अनेक पिल्लं तगतात, न मिळाली तर बहुतेक जातात. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, चपलेच्या तळव्यावर महिनोन्‌महिने तग धरतो. नेहमीच्या वापरातली कित्येक जंतुनाशकं त्याला मारत नाहीत. घरगुती ब्लीच मारतं, पण तेही नीट वापरलं तर : एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. शिवाय आधी विष्ठा पूर्ण निघालेली हवी, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपून जातं. आधी साबणाने घासायचं, मग धुवायचं, मग ब्लीच, मग वाट पाहायची. या वाट पाहण्याचाच लोकांना कंटाळा येतो, आणि नेमकं तिथेच संसर्ग निसटतो.

आता लसीचं बघू, कारण ‘लस तर दिली होती, तरी पिल्लू गेलंच कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळतात. ती काही आठवडे त्याचं रक्षण करतात, पण तीच लसीलाही निकामी करतात. आईकडून आलेली ही पुंजी हळूहळू संपते, आणि कुठल्या पिल्लाची कधी संपेल ते बाहेरून सांगता येत नाही. मधले काही दिवस असे येतात की आईचं संरक्षण रोगाला अडवायला पुरत नाही, पण लसीला मात्र अजून अडवतं. म्हणून निवाऱ्यात पिल्लाला आल्या दिवशीच पहिली लस देतात आणि नंतर दर दोन ते चार आठवड्यांनी, वय किमान १६ आठवडे होईपर्यंत, पुन्हा पुन्हा देत राहतात. यातलं नक्की कुठलं इंजेक्शन लागू पडेल ते आधी माहीत नसतं, म्हणून एकही चुकवून चालत नाही. नवीन आलेल्या पिल्लाला बाकीच्यांत लगेच न मिसळता दोन आठवडे वेगळं ठेवायचं कारणही यातच आहे : लागण होऊन लक्षणं दिसायला पारव्होत सहसा तीन ते सात दिवस जातात, कधी चौदाही. आलं तेव्हा उड्या मारणारं पिल्लू आतून आजारी असू शकतं.

हे सगळं ऐकून ‘मग निवारा म्हणजे दवाखानाच की’ असं वाटेल, पण नुसता दवाखानाही पुरत नाही. १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी ब्रिटनमधल्या कोंबड्या-डुकरांच्या औद्योगिक पालनाविषयी लिहिलं, त्याने तिथलं समाजमन हललं आणि सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ च्या तिच्या अहवालातलं एक मागणं मला फार हलवून जातं, कारण ते किती थोडं आहे : जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटून-खाजवून साफ करता यावं आणि हातपाय ताणता यावेत. इतकंसुद्धा त्यांना मिळत नव्हतं. यातूनच पुढे पाच स्वातंत्र्यांची यादी घडली, आणि आज जगभरच्या संस्था तिच्यावर आपलं काम तपासतात. भूक-तहान नको, गैरसोय नको, वेदना-इजा-रोग नको, स्वतःच्या जातीसारखं वागायची मुभा हवी, भीती आणि छळ नको.

यातलं शेवटचं सगळ्यात सहज विसरलं जातं. पोट भरलंय, जखम सुकलीय, पण कुत्रं दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतं. त्याचं भलं झालं असं म्हणता येत नाही. मांजरांचं तर अगदी साध्या गोष्टीवर अवलंबून असतं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकंवाल्या मांजरांचा ताण लवकर उतरलेला दिसला. एक पुठ्ठ्याचं खोकं! आमच्याकडे एक राखाडी मांजरी तीन दिवस काही खात नव्हती. तिला खोकं दिलं, वरून जुना पंचा टाकला. चौथ्या दिवशी सकाळी वाटी रिकामी होती आणि खोक्यातून फक्त दोन डोळे दिसत होते. त्या वाटीचा आनंद मी घरी येऊन तीनदा सांगितला होता.

भिंतीबाहेरचं काम

निवारा कितीही उत्तम चालवला, तरी दाराशी येणाऱ्यांचा ओघ थांबत नाही. तो उगमापाशीच अडवायचं काम भिंतीबाहेर होतं, आणि माझ्या मते प्राणीकल्याणातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. त्याचे फोटो फारसे भावस्पर्शी येत नाहीत, एवढाच त्याचा दोष.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. मांजरीचाही जवळपास तेवढाच, आणि मांजरी पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे या वर्षी जन्मलेली मादी पुढच्या वर्षी स्वतः अनेक पिल्लांची आई असते. यातली कितीतरी पिल्लं उपाशी, आजारी होऊन किंवा गाडीखाली सापडून जातात. नसबंदी म्हणजे हे मरणच टाळणं.

नसबंदीनंतर मोकळ्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडतात. इथे लोक वैतागून विचारतात, की पकडलंच आहे तर पुन्हा सोडता कशाला? उत्तर कुत्र्याच्या स्वभावात आहे. मोकळी कुत्री आपापला इलाका धरून असतात. तिथे अन्न आहे, आडोसा आहे, म्हणून ती तिथे आहेत. ती उचलून नेली तर अन्न तसंच राहतं, इलाका मोकळा होतो, आणि शेजारची, नसबंदी न झालेली, लस न घेतलेली कुत्री आत येतात. त्याऐवजी नसबंदी आणि रेबीजची लस घेतलेलं कुत्रं त्याच जागी परत आलं, तर जागा भरलेली राहते आणि संख्या वाढत नाही. भूल असतानाच त्याच्या कानाला छोटी खाच किंवा टोकाला सरळ छेद देतात. तसा कान दिसला की लांबूनच कळतं, याचं झालेलं आहे, पुन्हा पकडून छळायला नको.

रेबीजचं गणित तर याहूनही डोळे उघडणारं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो, आणि बळींमध्ये १५ वर्षांखालची मुलं जवळपास ४० टक्के असतात. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीही वाचत नाही. पण एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, आणि दरवर्षी मिळत राहिली, तर विषाणूला पुढचं कुत्रं सापडेनासं होतं आणि साखळी तुटते.

मारून टाकणं हा उपाय इथे उलटतो, तो कसा ते पाहा. शंभर कुत्री आहेत, त्यातल्या सत्तरांना लस मिळाली आहे. आता घबराट झाली आणि चाळीस कुत्री मारली. मारणाऱ्याच्या हाती कुठली लागतात? माणसाजवळ येणारी, गरीब स्वभावाची. लस टोचताना हाती लागली तीही हीच. समजा, त्या चाळिसांतली पस्तीस लसवाली होती. उरली साठ, त्यात लसवाली पस्तीस, म्हणजे साठ टक्क्यांहूनही कमी. सत्तरची भिंत आपणच पाडली. वर मोकळ्या जागेत बाहेरून नवी येणार, तीही लसीविना. इंडोनेशियातल्या बालीत २००८ साली पहिल्यांदा रेबीज शिरला, तेव्हा कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि रोग बेटभर पसरतच गेला. २०१० पासून संपूर्ण बेटावर एकाच वेळी लसीकरण सुरू झालं, तेव्हा कुठे माणसांचे आणि कुत्र्यांचे बळी झपाट्याने खाली आले.

या कामातली एक गोष्ट देणगीदारांनी आवर्जून समजून घ्यावी. नसबंदी विखरून केली तर वाया जाते. वीस वस्त्यांतून पाच-पाच कुत्री उचलली तर शंभराचा आकडा अहवालात छान दिसतो, पण कुठल्याच वस्तीत फरक पडत नाही. तीच शंभर एका वस्तीतली असतील, जवळजवळ सगळ्या माद्या झालेल्या असतील, तर पुढच्या हंगामात तिथे पिल्लांचा आवाजच कमी होतो. म्हणून एखाद्या संस्थेने ‘तुमच्या गल्लीत यायला चार महिने लागतील, आत्ता पलीकडचा भाग पूर्ण करतोय’ असं सांगितलं तर चिडू नका. ती संस्था विचार करून काम करते आहे.

आणि पिल्लांविषयी एक कळकळीची विनंती. मांजरीची पिल्लं एकटी दिसली की आपण चटकन उचलतो. बहुतेक वेळा आई खाणं शोधायला गेलेली असते. पिल्लं स्वच्छ, पोटं टम्म आणि झोपलेली असतील, आणि जागा धोक्याची नसेल, तर लांब उभं राहून काही तास वाट पाहा. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, आणि आई चाटते तशी ओल्या कापसाने पुसल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. गार अंगात दूध पचत नाही. गायीचं दूध तर नकोच. आईपेक्षा चांगली आई निवाऱ्यात कुणी नसते, आणि भर मोसमात अशी पिल्लं टोपल्याटोपल्यांनी दारात येतात.

एका विषयावर संस्था बोलायला कचरतात : दयामरण. मणका तुटलेला, वेदना कशानेच थांबत नाही, असा प्राणी येतो. मी एकदा अशा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी सुई लावण्याआधी दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, त्याच्या कानामागे खाजवत राहिलो, आणि त्याने शेपूट हलवली. त्या दिवसानंतर ‘तुमच्याकडे एकही प्राणी मारत नाहीत ना?’ या प्रश्नाला मी पूर्वीसारखं झटकन उत्तर देत नाही. मी विचारते, निर्णय कोण घेतं, कशावरून घेतं आणि लिहून ठेवतं का. जागेअभावी मारणं आणि यातना संपवणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. हे अंतर सांभाळणाऱ्या माणसांची मनं रोज झिजत असतात, हेही लक्षात असू द्या. फोनवरचा तो थकलेला आवाज बहुधा त्यांच्यातल्याच कुणाचा तरी असतो.

पैशाचं

प्राण्यांसाठी स्थापन झालेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक १८२४ साली लंडनमध्ये, एका कॉफीघरात भरलेल्या बैठकीत जन्मली. दोन वर्षं आधी, १८२२ मध्ये, रिचर्ड मार्टिन या खासदाराने जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा करून घेतला होता, पण तो पाळला जातोय का ते पाहणारं कुणी नव्हतं. आर्थर ब्रूम या धर्मगुरूने चर्चमधलं पद सोडून संस्थेचं काम अंगावर घेतलं. १८२६ मध्ये संस्थेचं कर्ज थकलं आणि सचिव म्हणून ब्रूमना तुरुंगात जावं लागलं. मार्टिन आणि संस्थेतलेच लुईस गॉम्पर्ट्झ यांनी पैसे उभे करून ते फेडलं. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने तिला ‘रॉयल’ हे बिरूद दिलं, आणि आज ती आरएसपीसीए म्हणून ओळखली जाते. दोनशे वर्षं झाली. प्राण्यांसाठी जीव टाकणारी माणसं मिळतात, पण महिन्याचा खर्च निघत नाही, ही अडचण मात्र तिथेच आहे.

एखाद्या जखमी प्राण्याचा फोटो गाजला की त्याच्या नावाने भरभरून पैसे येतात, कधी त्याच्या उपचारांना लागतात त्याच्या कितीतरी पट. पण ‘फक्त याच्यासाठी’ म्हणून आलेला पैसा इतरत्र वळवता येत नाही. बाजूच्याच पिंजऱ्यातलं, फोटोत कधीच न आलेलं कुत्रं लसीविना असतं. मावशींचा पगार, विजेचं बिल, ब्लीच, गाडीचं इंधन, हिशेब लिहिणारा माणूस यांच्या नावाने कुणी देणगी देत नाही. ‘माझा पैसा थेट प्राण्यांनाच मिळाला पाहिजे, पगाराला नको’ असं म्हणणारे मनाने चांगलेच असतात, पण लाल पट्ट्याची बादली आपोआप शेवटच्या खोलीत जात नाही. ती नेणारा अनुभवी हात टिकला तर रोग पसरत नाही, मुक्काम वाढत नाही. थेट प्राण्यांनाच मिळालेला पैसा तो हाच.

म्हणून पैसे द्यायचे तर थोडे द्या, पण दरमहा द्या, आणि ‘गरज असेल तिथे वापरा’ असं लिहून द्या. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेतून गाडी घेता येते. ती चालवणारा माणूस कामावर ठेवायला दर महिन्याला ठरलेली रक्कमच लागते. वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारा. जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रं, खोकी बहुतेकांना हवी असतात. उशा आणि गाद्या सहसा नको असतात, कारण त्या धुऊन निर्जंतुक होत नाहीत.

कुणाला द्यायचं, हे ठरवताना मी फार प्रश्न विचारत नाही. गेल्या वर्षी किती प्राणी आले आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढंच आधी विचारते : किती दत्तक गेले, किती परत सोडले, किती मेले. चांगल्या संस्थेकडे हे आकडे तयार असतात, आणि त्यात मेलेल्या प्राण्यांचा आकडाही असतो. तो शून्य सांगितला तर माझा विश्वास कमी होतो. मग तपासलेला जमाखर्च पाहायला मागते आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन येते. वास, भांड्यांतलं पाणी आणि प्राणी माणसाला पाहून काय करतात, हे तीन डोळे-नाक उघडे ठेवून पाहिलं की पुष्कळ कळतं.

वाचवण्याच्या व्हिडिओंबाबत मात्र सावध राहा. काही लोक पैशासाठी प्राण्याला मुद्दाम संकटात टाकतात आणि मग वाचवल्याचं नाटक चित्रित करतात. प्राणी अडकलाय आणि कॅमेरा निवांतपणे कोन बदलत फिरतोय, एकाच वाहिनीवर दर आठवड्याला पिल्लाभोवती साप, पुढे उपचार कुठे झाले त्याचा पत्ता नाही, असं दिसलं तर पाहणं थांबवा, पुढे पाठवू नका. रागाने केलेली टिप्पणीसुद्धा त्या व्हिडिओला आणखी लोकांपुढे नेते. तक्रारीचं बटण दाबा आणि बाहेर पडा.

चौदा दिवस

शेवटी पुन्हा दिवसांकडे येते, कारण पैशाहूनही दुर्मीळ गोष्ट तीच आहे. प्राणी कायमचा दत्तक घेणं ही दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी, सगळ्यांना जमत नाही आणि न जमणाऱ्याने घेऊही नये. पण तात्पुरतं घर देता येतं. पाय प्लास्टरमध्ये आहे, लशींचा क्रम पूर्ण व्हायचाय, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती हवी आहे, अशा प्राण्याला दोन आठवडे घरी ठेवलं की निवाऱ्याचा एक पिंजरा चौदा दिवस मोकळा होतो. घरातली मंडळी, फ्लशचा आवाज, कुकरची शिट्टी यांची सवय झालेलं पिल्लू दत्तकही लवकर जातं. त्याच्या स्वभावाविषयी सांगायला तुमच्याकडे चार खऱ्या गोष्टी असतात. पिंजऱ्यातल्या कार्डावर फक्त वय आणि रंग लिहिलेला असतो.

मी पहिल्यांदा दोन पिल्लं आणली तेव्हा रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्यांचं वजन करून कॅलेंडरवर लिहायचे. वजन वाढत गेलं पाहिजे, एवढी एकच सूचना होती. पाचव्या दिवशी धाकट्याचं वजन वीस ग्रॅमने उतरलं. बाकी ते खेळत होतं, खात होतं. तरी फोन केला, डॉक्टरांनी लगेच बोलावलं, पोटात जंत निघाले, औषध मिळालं, तिसऱ्या दिवशी काटा परत वर. चाळीस प्राण्यांच्या गडबडीत ते वीस ग्रॅम कुणाच्या लक्षात आले असते?

घरात आधीचा प्राणी असेल तर त्याच्या लशी पूर्ण हव्यात आणि नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायला हवं. उपचारांचा खर्च कोण करणार, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा आणि परत कधी न्यायचं, हे तीन प्रश्न आधीच लिहून ठरवून घ्या. यावरून नंतर मनं दुखावलेली मी पाहिली आहेत.

आता मी फोन करते तेव्हा ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ असं विचारत नाही. म्हणते, “पिल्लू सापडलंय, मागचा पाय मोडल्यासारखा वाटतोय. दोन आठवडे मी घरी ठेवते. उपचार तुम्ही कराल का?” आवाज पलीकडे तोच असतो, थकलेला. पण उत्तर बऱ्याचदा वाक्य पुरं व्हायच्या आतच येतं : “घेऊन या. एक्स-रे काढू, प्लास्टर करू. पिंजरा आणि औषधं इथून न्या, आणि बुधवारी दाखवायला आणा.”